वाळले, पण मुरले नव्हते

दरवर्षी नवा वर्ग समोर आला, की मी एक प्रश्न विचारतो. ओल जाणे या एकाच गोष्टीसाठी मराठीत किती शब्द आहेत? मुले आधी एकमेकांकडे पाहतात, मग माझ्याकडे, आणि मग एखादी धीट मुलगी म्हणते, "सर, वाळणे." एकदा वाट मोकळी झाली, की शब्दांची रीघ लागते. कपडे वाळतात, घाम सुकतो, विहीर आटते, घसा कोरडा पडतो, पाणी जमिनीत जिरते. शेवटच्या बाकावरून कोणीतरी "मुरते!" असे ओरडतो, आणि लोणच्याची आठवण होऊन सारा वर्ग हसतो. मग मी खडू घेऊन फळ्यावर दोनच शब्द लिहितो, वाळणे आणि मुरणे, आणि त्यांतला फरक मोठ्या रुबाबात समजावून देतो. वाळण्याला वारा पुरतो, मुरण्याला काळ लागतो. हे वाक्य माझे मलाच फार आवडते. गेली वीस वर्षे मी ते न चुकता म्हणत आलो आहे.

वाचकहो, या सदरातून मी तुमच्याशी नाना विषयांवर गप्पा मारल्या आहेत, आणि बहुतेक वेळा शहाणपणाचा आव आणून मारल्या आहेत. आज जरा उलटे करतो. ज्या वाक्यावर मी वीस वर्षे पगार घेतला, त्याचा अर्थ मला गेल्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत कळलेला नव्हता. तो कळला एका जुन्या स्कूटरमुळे. आणि शिकवला तो एका रंगाऱ्याने.

स्कूटर माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची. बजाज चेतक. ही गाडी १९७२ साली बाजारात आली आणि पुढे तिचे उत्पादन थांबले. आता त्याच नावाची विजेवर चालणारी गाडी रस्त्यावर दिसते. पण ती हूं की चूं न करता शेजारून निघून जाते, त्यामुळे ओळख पटत नाही. अण्णांच्या काळी स्कूटर दुकानात जाऊन घेता येत नसे. आधी नोंदणी करायची आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. अण्णांनी नोंदणी केली १९७९ साली, आणि त्याच वर्षी माझा जन्म झाला. मी लगेच मिळालो. स्कूटर १९८६ साली मिळाली. आई गमतीने म्हणायची, "दोघांची नावं एकदमच घातली होती, पण एकाला जरा उशीर झाला." आकाशी रंगाची ती गाडी वाड्याच्या बोळात आली, तेव्हा सगळे बिऱ्हाडकरू ओट्यावर जमले होते. मला पुढे उभे करून, आईला मागे बसवून अण्णांनी सारसबागेतल्या गणपतीपर्यंत पहिली फेरी मारली.

अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून होते. कारकुनी त्यांच्या हाडात होती, आणि त्यांचे अक्षर तर असे, की साहेब मसुद्याऐवजी अक्षरच पाहत बसे. स्कूटरच्या उजव्या बाजूला इंजिनावर फुगीर झाकण असते. पहिल्या दसऱ्याला अण्णांनी त्या झाकणाच्या वरच्या कडेशी तांबड्या ऑइलपेंटने बोटभर उंचीचे 'श्री' काढले. पुढे दरवर्षी खंडेनवमीला ते बारीक कुंचल्याने तेच अक्षर गिरवत. डबी दुकानात मिळेल ती; एका वर्षी शेंदराकडे झुकणारी, एका वर्षी डाळिंबी. त्या श्रीची वेलांटी जरा जास्तच मागे वळलेली होती. मी मराठीचा एम. ए. झालो तेव्हा एकदा मोठ्या ऐटीत म्हणालो, "अण्णा, ही वेलांटी शास्त्राला धरून नाही." अण्णा म्हणाले, "पण गाडीला धरून आहे."

एरवीची देखभालही त्यांचीच. मूळचा रंग उन्हाने विटू लागला, तसे ते कुठे खरचटले तर तिथे ऑइलपेंटचा हात फिरवीत. पुढे पुढे त्या रंगाची पूड निघू लागली. पत्र्यावर तळहात फिरवला, की हाताला निळी भुकटी लागे, थेट खडूसारखी. ऑइलपेंटला उन्हातान्हात वर्षे काढावी लागली, की त्यातला चिकटवणारा अंश वरच्या थरात नष्ट होतो आणि रंगाचे कण सुटे होतात. रंगारी लोक याला रंग खडूवर आला असे म्हणतात. मी वर्गातून आणि अण्णा स्कूटरवरून घरी येत, आणि दोघांच्याही हाताला खडू असे. आई दोघांनाही मोरीकडे बोट दाखवी.

२०२२ सालच्या पावसाळ्यात अण्णा गेले.

तेरावा झाला आणि मी कामाला लागलो. मी तसा हळवा माणूस नाही असे मला वाटते. निदान अशा वेळी कोणीतरी खंबीर राहायला हवे, हे मी कुठेतरी वाचलेले होते. महिन्याभरात आईला वाड्यातल्या दोन खोल्यांतून आमच्या फ्लॅटमध्ये आणले. अण्णांचे कपडे एका संस्थेला देऊन टाकले, चपला, छत्री, कागदपत्रांची ट्रंक, सगळे आवरले. "आई, मागचं मागे टाकायला हवं," असे मी तिला म्हणालो, आणि तिने मान हलवली. सौ.ने तिच्यासाठी बाल्कनीत तुळस लावली. आई हरिपाठ म्हणू लागली, संध्याकाळी नातीबरोबर मालिका पाहू लागली. येणारे-जाणारे म्हणत, "आईंनी छान सावरलंय हो." मला त्यात माझ्या व्यवस्थापनाचे कौतुक ऐकू येई.

स्कूटर तेवढी वाड्याच्या बोळातच ताडपत्रीखाली राहिली. २०२४ च्या गणपतीनंतर एका सकाळी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "दोन दसरे झाले, गाडीला हार नाही घातला गेला." बस, एवढेच. पण माझ्यासारख्या खंबीर माणसाला तेवढे पुरे होते. मी दुसऱ्याच दिवशी टेंपो करून स्कूटर घरी आणली. येत्या दसऱ्याला ती नवी कोरी दिसली पाहिजे, असा मी संकल्प सोडला.

आमच्या कॉलनीच्या मागे पत्र्याची एक शेड आहे. तिथे साठीचे एक रंगारी काका गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंग करतात. त्यांनी स्कूटरभोवती एक प्रदक्षिणा घातली, नखाने दोन-तीन ठिकाणी टोचून पाहिले आणि विचारले, "सर, टू-के मारायचा का ऑइलपेंट?"

"ऑइलपेंटच," मी म्हणालो. "वडील तोच लावायचे." मग ज्ञान पाजळण्याची सवय जात नाही म्हणून पुढे जोडले, "पण वरून ते पारदर्शक लॅकर मारा. नव्या मोटारींना असते ना, तसे."

काका हसले. ते म्हणाले, "सर, नव्या मोटारीची गोष्ट वेगळी. तिचा रंग मुळात मंद असतो. चमक येते ती वरच्या क्लिअरची. ऑइलपेंटची चमक त्याच्या पोटातच असते. त्याला वरून काही लागत नाही. वर्षातून दोनदा मेण लावून पुसा, झालं."

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. रंगाचा एक हात आणि त्यावर पारदर्शक लेप, ही मोटारींची पद्धत १९८० नंतर सर्रास झाली. त्याआधी गाड्यांवर बहुधा एकाच जातीचा रंग असे, आणि तोच रंग, तोच लेप असे. पारदर्शक लेपाचा फायदा नाही असे नाही. ऊन, पाऊस, चिमण्या-कावळे आणि शेजारची मुले या सगळ्यांचा पहिला मार तो स्वतः खातो. रंग खडूवर यायला उशीर लागतो. मला तेवढेच हवे होते. पण आतली गोष्ट अशी, की मला गाडीपेक्षा ते श्री हवे होते. ते काचेखाली ठेवल्यासारखे कायमचे राहावे, अशी माझी इच्छा होती.

काकांनी माझ्यापुढे हात टेकले. म्हणाले, "मारू. पण रंगावर महिना-दीड महिना जाऊ द्या."

काम सुरू झाले. गंज घासून काढला, पोचे ठोकून लांबी भरली, प्रायमर दिले, पाणी टाकून पॉलिशपेपर फिरवला. अण्णांच्या श्रीभोवतीचा तळहाताएवढा भाग काकांनी चिकटपट्टीने झाकून तसाच ठेवला. ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, बाकीच्या साऱ्या गाडीवर आकाशी ऑइलपेंटचा शेवटचा हात गनने मारून झाला. दुसऱ्या दिवशी बोट लावून पाहिले, तर बोटाला काही लागले नाही. पट्टी काढली. नव्या निळ्याच्या मधोमध जुन्या निळ्याचा तो तुकडा आणि त्यावर फिकटलेले श्री. तीन वर्षे त्याला कोणी गिरवले नव्हते.

सातव्या माळेला आई शेडमध्ये आली. तिने पिशवीतून तांबड्या ऑइलपेंटची चिमुकली डबी आणि अण्णांचा कुंचला काढला. कुंचला तिने कुठे जपून ठेवला होता, कोण जाणे. माझ्या आवराआवरीतून तो निसटला होता एवढे खरे. काकांनी तिच्यासाठी स्टूल ठेवले, झाकण काढून समोर बाकावर आडवे ठेवले. आईचा हात आता कापतो. पण कुंचला अक्षरावर टेकल्यावर तो थोडा स्थिर झाला. जुन्या रेघेवरून ती सावकाश गेली. वेलांटीपाशी मात्र रंग जास्त झाला आणि तिथे जाडसर थेंब राहिला. "राहू दे," ती म्हणाली. "त्यांचाही राहायचा."

११ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी कॉलेजातून परस्पर शेडवर गेलो. गाडी देखणी दिसत होती. मी रंगावरून बोट फिरवले; कोरडे. श्रीवरूनही फिरवले, कोरडे. मी म्हणालो, "काका, आजच लॅकर मारून टाका. उद्या पूजा आहे."

"सर, कच्चा आहे."

"अहो, हाताला लागत नाही!"

"हाताला नाही लागत. पण आत कच्चा आहे. वास घ्या."

वास येत होता. पण मी ठरवले होते. मी त्यांना आठवड्याभराची उन्हे मोजून दाखवली; दसरा एकदाच येतो हे सांगितले; आणि शेवटी, ज्याची आज लाज वाटते, ते वाक्य म्हणालो: "जबाबदारी माझी." काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. आधी एकटं झाकण मारून बघू. बाकी गाडीला हात नको." त्या एका वाक्याने माझी अर्धी अब्रू वाचली, हे मला नंतर कळले.

आई आणि सौ. तेवढ्यात हार घेऊन परतताना शेडपाशी थांबल्या. काकांनी तोंडाला तो डबे लावलेला मुखवटा चढवला, आम्हाला लांब उभे केले आणि गन चालवली. पहिला हात धुक्यासारखा गेला. दहा मिनिटांनी दुसरा, भरपूर. झाकण आरशासारखे झाले. निळा रंग खोल दिसू लागला आणि श्री तर असे उजळले, की मी वळून आईकडे विजयी मुद्रेने पाहिले.

आणि वेलांटी हलली. दुधावरची साय फुंकर मारल्यावर जशी गोळा होते, तशी तिची कड आधी थरथरली आणि मग चुरगळत गेली. थेंब होता तिथे फोडासारखे वर आले. तिथून सुरकुत्या श्रीभर पसरल्या, मग बाहेरच्या नव्या निळ्यावर. काही मिनिटांत ते सारे झाकण उकळत्या दुधाच्या सायीसारखे, म्हाताऱ्या हाताच्या कातडीसारखे झाले. काकांनी गन खाली ठेवली. कोणी काही बोलेना.

आई दोन पावले पुढे गेली, वाकून पाहिले आणि म्हणाली, "वरून वाळलं होतं रे. आत ओलंच होतं."

काकांनी मान हलवली. ते दोघे रंगाबद्दल बोलत होते. मी मात्र तिथे उभा राहू शकलो नाही.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आईने मला विचारले, "अण्णांची छत्री कुठे ठेवलीस?" मी सांगितले, की ती तेव्हाच देऊन टाकली. आई म्हणाली, "बरं." आणि मग ती रडली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. नात तिच्याजवळ जाऊन बसली. मला जवळ जाण्याचे धाडस झाले नाही. मी दारात उभा राहून, तेरावा झाल्यापासून मी काय काय आवरून टाकले, याची यादी मनात करीत होतो.

दसऱ्याला स्कूटरची पूजा झाली ती झाकणाशिवाय. उघड्या इंजिनावरच आईने हळदकुंकू वाहिले, आपट्याची पाने ठेवली. अकरावीत, विज्ञान शाखेत असलेली आमची कन्या म्हणाली, "बाबा, स्कूटर डॉक्टरांना जीभ दाखवतेय असं वाटतं." आई हसली, म्हणून मलाही हसता आले.

झाले काय होते, ते कन्येनेच मला समजावून दिले. घरात शास्त्र शिकणारे मूल असले, की बापाचे फार शिक्षण होते. साधा ऑइलपेंट, ज्याच्या डब्यावर सिंथेटिक इनॅमल लिहिलेले असते, तो अल्किड नावाच्या द्रव्याचा असतो. अल्कोहोल आणि ॲसिड या दोन शब्दांचे तुकडे जोडून हा शब्द झाला. म्हणजे इंग्रजीतही संधी आहेत. त्या अल्किडमध्ये जवसासारख्या वाळणाऱ्या तेलाचा अंश असतो. हा रंग दोन टप्प्यांनी घट्ट होतो. पहिल्यात टर्पेंटाइन उडून जाते. ते काही तासांचे काम. त्या वेळी हाताला रंग लागत नाही, आणि आपण म्हणतो, वाळला. दुसऱ्या टप्प्यात तो हवेतला प्राणवायू घेऊ लागतो, आणि त्या तेलाचे रेणू एकमेकांत गुंतून त्यांची जाळी विणली जाते. हवा वरून येते, म्हणून वीण वरून सुरू होते आणि खाली पोचायला आठवडे लागतात. थर जाड असेल, हवा दमट वा गार असेल, तर आणखी.

अशा अर्ध्या विणलेल्या थरावर लॅकर पडले, की त्यातले जहाल थिनर आत शिरते. थर ओला होऊन फुगतो. खाली तो पत्र्याला चिकटलेला. बाजूला पसरायला जागा नाही. मग तो वर उचलतो आणि चुण्या पडतात. म्हणजे लॅकरचा दोष नव्हता आणि रंगाचाही नव्हता. दोष त्यांची गाठ घालून देणाऱ्याचा होता.

ही घाई माझ्या एकट्याची नाही, एवढाच दिलासा. घोडागाड्यांच्या काळी रंगाचे हात आणि वर स्वच्छ वार्निशाचे हात देत, आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत गाडी तशीच उभी ठेवत. एका गाडीला आठवडेच्या आठवडे लागत. मोटारी भराभर तयार होऊ लागल्या, तसे कारखानदारांना हे थांबणे सोसेना. फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळे. १९२४ च्या ओकलंड मोटारींवर ड्यूको नावाचा नवा रंग आला. तो नायट्रोसेल्युलोजचा, केवळ थिनर उडाले की वाळणारा. आठवड्यांचे काम तासांवर आले. पुढे अल्किड आले, तेव्हा कारखान्यांनी ते भट्टीत भाजून लवकर पक्के करून घेतले. घरच्या गाडीला मात्र भट्टी नाही; तिला दिवसच मोजावे लागतात.

दिवाळीनंतर काकांनी झाकण दुरुस्तीला घेतले. चुरगळलेला थर खरवडला आणि पाण्यात भिजवलेला बारीक पेपर हलक्या हाताने फिरवू लागले. मी जवळ उभा होतो. नव्या तांबड्याचा गाळ वाहून गेला, आणि खालून वलये दिसू लागली. डाळिंबी, मग शेंदरी, मग गर्द तांबडे, पुन्हा शेंदरी. कापलेल्या झाडाच्या बुंध्यावर असतात तशी, पण श्रीच्या आकाराची. एकेक रेघ म्हणजे अण्णांचा एकेक दसरा. काकांनी पेपर बाजूला ठेवला. "सर, हे बघा. खालच्याला काही झालं नाही. थिनर त्याच्यावरही पडलं होतं. पण हा मुरलेला माल आहे."

मुरलेला, हा शब्द त्यांचा. मी त्यांना फळ्यावर लिहून दिलेला नव्हता.

आईला बोलावून आणले. तिने वलयांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "एवढ्यावरच थांबा." श्रीभोवतीचा भाग पुन्हा आकाशी केला आणि झाकण आमच्या बाल्कनीत, तुळशीशेजारी, येऊन राहिले. आम्ही थांबलो.

त्या महिन्यांत मी फारसे काही केले नाही, करायचे नव्हतेच. रविवारी आईला घेऊन वाड्यात जात असे. ती ओट्यावर बसे, कधी बोले, कधी नाही. अण्णांच्या गोष्टी निघत. त्यांतल्या कित्येक मला नव्या होत्या. कधी तिचे डोळे भरून येत. पूर्वीसारखा मी "आई, आता पुरे" असे म्हणत नसे. घरी आल्यावर कन्या झाकणाला नाक लावून वास घेई आणि जाहीर करी, "आजी, अजून कच्चं." डिसेंबरात वास गेला. पण आता मलाच घाई नव्हती.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अशी एखादी गाडी आहे, त्यांच्यासाठी काकांची रीत सांगून ठेवतो. ती मला चांगलीच महाग पडली आहे. ऑइलपेंट केला असेल, तर लॅकरची खरोखर गरज आहे का, हे आधी स्वतःला विचारावे. पुष्कळदा मेण आणि मऊ फडके पुरते. लॅकर मारायचेच, तर महिना-दोन महिने, पावसाळ्यात त्याहून जास्त, जाऊ द्यावेत. वास येतो तोवर हात लावू नये. नख रुतते का पाहावे. मग नजरेआडच्या जागी, लॅकरमध्ये घालायचे असेल त्याच थिनरचा बोळा काही मिनिटे दाबून धरावा. रंग मऊ पडला किंवा चुरगळला, तर बोळा ठेवून घरी जावे. रंग टिकला, तर गाडी साबणाने धुवावी, मेणाचा अंश पुसून काढावा, आणि हजार नंबरच्या पाणपेपरने चमक मोडावी. गुळगुळीत रंगावर लॅकर पकड घेत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. पहिला हात अगदी विरळ, धुक्यासारखा द्यावा आणि बाकीचे त्यावर. लॅकरखाली जे राहील ते कायमचे, मग ती धूळ असो वा केस. आणि हार्डनर घालायचे ते लॅकर स्वतः घरी फवारू नये. त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते, दमा जडू शकतो. रुमाल बांधून ती अडत नाही. काकांच्या मुखवट्याला मी मनात हसलो होतो. त्यांचा खोकला तरुणपणीचा, मुखवटा नसलेल्या दिवसांचा आहे, हे त्यांनी नंतर सांगितले.

२०२५ च्या गुढीपाडव्याला, ३० मार्चला, स्कूटर लॅकर होऊन घरी आली. एकही चुणी नाही. झाकणावर वलयांचे श्री, पाण्याखाली दिसावे तसे. मला हवे होते तसे ते काचेखाली राहिले होते. आता त्याला काही व्हायचे नाही, या समाधानात मी होतो.

पण यंदाच्या दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, सकाळी अंगणात येऊन पाहतो, तर आई स्टुलावर बसलेली, शेजारी तांबडी डबी, हातात कुंचला. झाकणावर श्रीपुरती जागा कन्येने पेपर घासून खरखरीत करून दिली होती. म्हणजे कट दोघींचा होता.

"अगं आई, हे काय? आता याला गिरवायची गरज नाही. लॅकरखाली ते कायमचं राहील."

"ते राहील," आई म्हणाली. "पण मग दसऱ्याला मी करायचं काय?"

लॅकरवरच तिने श्री काढले. खालच्या वलयांवर ते नेमके बसले नाही, जरा सरकले. वेलांटी तिची स्वतःची झाली, अण्णांपेक्षा थोडी कमी वळलेली, शास्त्राला जास्त धरून. या नव्या श्रीवर आता लॅकर नाही. ते उन्हात विटेल, पुढच्या दसऱ्याला पुन्हा गिरवले जाईल.

तिच्या बोटाला तांबडा रंग लागला होता. मी टर्पेंटाइन आणायला निघालो, तर ती म्हणाली, "राहू दे रे. जाईल हळूहळू." मी पुन्हा बसलो. मग नातीने किक मारली, दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली, आणि आई मागे बसून सारसबागेतल्या गणपतीला जाऊन आली.